दुसरी खाच

त्या कपलिंगची चित्रं घरात आली आणि यांचं बूड टिकेनासं झालं. जेवताना मध्येच उठायचे, पाणी आणायला म्हणून, आणि पाण्याचा तांब्या तर समोरच असायचा. खिडकीपाशी जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. मी म्हटलं, "पायाला भिंगरी बांधलीय का?" तर म्हणाले, "अगं, पायात वात आलाय." वात आलेला माणूस असा चालत नाही, एवढं मला कळतं.

आमचे हे पेटंट ऑफिसात अर्ज तपासतात. कुणाला काही नवीन सुचलं की तो तिथे अर्ज करतो, आणि ते आधी कुणी केलंय का, हे यांनी हुडकून काढायचं. उभा जन्म यातच गेला. त्यामुळे झालंय काय, की यांना जगात काही नवीन वाटतच नाही. विनोद सांगायला जावं तर अर्ध्यावर म्हणतात, "आधीच ऐकलाय." मुलगी झाली तेव्हा नर्स कौतुकाने म्हणाली, "बघा तुमची नवी पाहुणी," तर हे चष्मा सावरून म्हणाले, "नाक आधीचंच आहे, सासऱ्यांचं." ऑफिसात यांना 'आधीचवाले' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि हे ओ देतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'नवीन' हा शब्द मी यांच्या तोंडून ऐकलेला नाही.

मी स्वतः चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक म्हणतं, फ्रेम छान बसली, आणि नाकावर लाल वळ दिसत असतात. मी सरळ फ्रेम काढून घेते. मला एक घाव दोन तुकडे लागतात. हे मात्र घाव घालायच्या आधी कुऱ्हाडीला धार कुणी लावली, ते विचारत बसणार.

तर ते कपलिंग. दोन पाइप जोडायचं तोंड असतं ते. एक तोंड दुसऱ्यात दाबलं की टक् करून बसतं, आणि बाहेरची कॉलर मागे ओढली की सुटतं. दूध, तेल, पाणी, जे काही पाइपातून वाहतं तिथे ते लागतं. अर्ज एका छोट्या वर्कशॉपवाल्या बाईचा होता. तिचं म्हणणं असं, की नेहमीच्या कॉलरला आतून एकच खाच असते, म्हणून पाइप एकदम सुटतो आणि आत दाब असला तर उसळतो. तिने आणखी एक खाच दिली होती. कॉलर आधी त्या खाचेवर अडकते, आतला दाब हळूच निघून जातो, आणि मग दुसऱ्यांदा ओढली की पाइप गपगुमान सुटतो. अर्ज प्रसिद्ध झाला होता, म्हणजे तो कुणीही पाहावा. म्हणूनच चित्रं जेवणाच्या टेबलावर पसरलेली असायची.

मी डाळ वाढता वाढता ते चित्र पाहिलं आणि पळी हातातच राहिली.

"हे तर बाबांचं आहे," मी म्हटलं.

"कोणाच्या बाबांचं?"

"माझ्या. ही कॉलर, ही बोटांची पकड, सगळं तेच. डेअरीतली टिचकी."

माझे बाबा दूध डेअरीत फिटर होते. टँकर भरायचा पाइप तेव्हा नटबोल्टने आवळायचे, त्यात निम्मा वेळ जायचा आणि दूध सांडायचं ते वेगळंच. बाबांनी लेथवर बसून एक कपलिंग बनवलं. दाबलं की बसतं, ओढलं की सुटतं. डेअरीतले लोक त्याला टिचकी म्हणायचे. कित्येक वर्षं तिथले सगळे टँकर बाबांच्या टिचकीवर भरले. पुढे डेअरीच्याच एका पाइपने बाबांची डाव्या हाताची दोन बोटं खाल्ली, आणि त्यांना गेटवर बसून टँकर मोजायचं काम दिलं. मग डेअरीने बाजारातली कपलिंगं आणली. टिचकी कुणी केली होती, हे विचारायलाही कुणी आलं नाही. बाबा गेले तेव्हा डेअरीतून एक माणूस आला होता, तो चहा पिऊन गेला.

मला राग होता तो हा. मला बाकी काही नको होतं. कुठल्यातरी सरकारी कागदावर एवढंच लिहिलं जावं, की हे माझ्या बाबांनी आधी केलं होतं. आणि घरात आधीचवाले असताना ते होऊ नये? काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

हे म्हणाले, "वस्तू असेल तर आणून दाखव."

दुसऱ्याच दिवशी मी दादाकडे गेले. दादाने माळ्यावरून बाबांचा पत्र्याचा डबा काढला. कानशी, वॉशर, गंजलेले स्क्रू, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेली टिचकी. दादाचं तोंड उतरलं होतं.

"कशाला उकरून काढतेस? बाबांना ती डोळ्यांसमोर नको असायची," तो म्हणाला.

"कुणी विचारलं नाही म्हणून नको असायची."

"तसं असेल," दादा म्हणाला, आणि डबा बंद करून वर ठेवून आला. वहिनीने थांब म्हटलं, तरी मी थांबले नाही.

यांनी टिचकी हातात घेतली. गॅलरीत गेले, टॉर्च मारून आत पाहिलं. मग खिशातलं भिंग काढून पुन्हा पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, "आधीच." पण हे म्हणाले, "बघतो." आणि टिचकी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली.

त्यानंतर यांचं चालणं दुप्पट झालं. धुतलेला कप पुन्हा धुवायचे. दाराची कडी लावली का ते पाहायला जायचे आणि दारापाशीच उभे राहायचे. बोलायला तोंड उघडायचे, माझ्याकडे बघायचे आणि भाजीचं काहीतरी विचारायचे. एकदा म्हणाले, "अगं, त्या खाचेचं असं आहे..." मी म्हटलं, "खाच गेली खड्ड्यात, नाव लिहिताय की नाही ते सांगा." झालं, हे उठून पुन्हा खिडकीपाशी. मलाही मग झोप लागेना. रात्री कूस बदलली की हे जागेच. सकाळी दोघांचे डोळे सुजलेले, आणि दुकानात लोक मलाच विचारायचे, तुमचा नंबर वाढला का.

मग एका संध्याकाळी येऊन म्हणाले, "ती फाइल मी सोडली. साहेबांना सांगितलं, यात माझ्या सासऱ्यांची वस्तू येतेय. आता शेजारच्या टेबलावरच्या बाई बघतील."

माझं डोकंच फिरलं. "एवढी वर्षं जगातल्या ऐऱ्यागैऱ्याचं आधीचं शोधलंत," मी म्हटलं, "आणि सासऱ्याचं नाव लिहायची वेळ आली तर पाठ फिरवली. जिवावर येतंय का तुमच्या?"

"माझ्या हातून ते व्हायला नको," एवढंच म्हणाले, आणि बूट घालून खाली गेले. खिडकीतून मला दिसत होते. कोपऱ्यापर्यंत जायचे, परत यायचे.

त्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा मला फोन आला. चांगल्या होत्या बोलायला. म्हणाल्या, वस्तू घेऊन या, ती कुठे वापरायचे, कोण वापरायचं आणि कशी सुटायची, ते तुमच्या शब्दांत सांगा. मी म्हटलं, येते, आणि चालवूनच दाखवते.

सुट्टीच्या दिवशी मी टिचकी साबणाने घासली. गाडी धुवायचा पाइप मध्ये कापला, दोन्ही तोंडांना क्लिपा आवळून टिचकी बसवली आणि मागच्या अंगणातला पंप चालू केला. टक् करून बसली. थेंब गळाला नाही. इतक्या वर्षांनी थेंब गळाला नाही. माझा ऊर भरून आला. हे दारात उभे होते.

"पंप बंद करून सोड," हे म्हणाले.

"बाबा काय पंप बंद करायला धावायचे का दर टँकरला?"

"अगं, ऐक. बंद कर आधी."

मी कॉलर ओढली. पुढचं नीट सांगता येणार नाही. पाइप हातातून उसळला, लोखंडी तोंड बादलीवर आदळलं, बादली फुटली आणि माझ्या डाव्या हातावर काहीतरी सपकन बसलं. यांनी पंप बंद केला. मी ओलीचिंब, हात छातीशी धरून तशीच उभी. अंगठा काळानिळा झाला होता.

हा घरचा पंप. डेअरीतला पंप केवढा होता, ते मी लहानपणी पाहिलं होतं. आणि तिथे बादली नव्हती, टँकरची लोखंडी चौकट होती.

"बाबांची बोटं," मी म्हटलं.

हे आत गेले. टॉवेल आणून माझ्या खांद्यावर टाकला.

"डेअरीच्या पाइपने नाही खाल्ली. हिनेच खाल्ली."

"मला तसं वाटलं होतं," हे म्हणाले. "आत एकच खाच आहे. मी त्याच दिवशी पाहिली."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"तू ऐकत नव्हतीस. आणि एवढंच असतं तर सांगितलंही असतं." यांनी टिचकी उचलली, पाणी झटकलं, टॉर्च आणला. "इकडे बघ. इथे, आतल्या अंगाला."

चमकणाऱ्या खाचेच्या थोडं अलीकडे आणखी एक रेघ होती. रेघ नव्हे, कानशीने कोरायला घेतलेली खाच. एका बाजूला बरीच खोल, दुसऱ्या बाजूला नुसता ओरखडा. वाकडी. ज्याच्या डाव्या हाताला पकड नाही, अशा माणसाने कोरावी तशी.

"ही दुसरी खाच आहे," हे म्हणाले. "त्या बाईंच्या अर्जात आहे तीच. अपघातानंतर केलेली. पुरी झाली नाही, पण काय करायचं होतं ते बघणाऱ्याला कळतं."

"म्हणजे बाबांनीच आधी..."

"सुचलं त्यांना आधी. पण आमच्याकडे नुसतं सुचलेलं चालत नाही, ते चारचौघांना दिसलेलं लागतं. डेअरीतल्या एखाद्या माणसाने जरी ही पाहिली असेल, बाबांनी त्याला समजावून सांगितली असेल, तर त्या बाईंचा अर्ज अडकेल. आणि कुणीच पाहिली नसेल, तर ती नसल्यासारखीच." यांनी टॉर्च विझवला. "ते सांगू शकेल असं आता फक्त एकच माणूस आहे, आणि ते माझ्या घरात आहे. म्हणून मी फाइल सोडली. तू काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मला विचारू नकोस." आणि पुन्हा बूट घालून खाली गेले.

त्या दिवसापासून मीही घरात येरझाऱ्या घालू लागले. दोघं दोन खोल्यांत चालायचो आणि दारात एकमेकांना वाट द्यायचो. एक हो म्हटलं की काम होणार होतं. डेअरी कधीच बंद पडली होती, माणसं पांगली होती, मला खोटं पाडायला कोण येणार होतं? त्या वर्कशॉपवाल्या बाईला मी ओळखतही नव्हते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे जगात मीच एकटी म्हणणार होते का? मनाशी वाक्यसुद्धा जुळवलं होतं: बाबा गेटवर सगळ्यांना ती दाखवायचे.

पेटंट ऑफिसातली ती खोली छोटी होती. टेबलावर दोन स्क्रीन, खिडकीत वाळलेलं रोप, मागच्या मांडणीत लोकांनी आणून दिलेल्या वस्तूंचे नमुने. बाईंनी टिचकी हातात घेतली. डेअरी कुठली, कोण वापरायचं, हे सगळं विचारून लिहून घेतलं. "कशी सुटायची?" त्यांनी विचारलं. मी माझा काळा अंगठा दाखवला आणि बोटांचं सांगितलं. तेही त्यांनी लिहिलं. मग टॉर्च लावून आत पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"ही दुसरी खाच," त्या म्हणाल्या. "ही कुणाला दाखवली होती त्यांनी?"

माझं वाक्य तयार होतं. पण डोळ्यांसमोर बाबा आले. गेटवरची ड्यूटी संपवून आले की पाठमोरे बसायचे, गुडघ्यांत काहीतरी धरून, आणि कानशीचा खर्रखर्र आवाज यायचा. मी शाळेतून येऊन जवळ गेले की वर फडकं टाकायचे. म्हणायचे, "काही नाही गं, हात मोकळा करतोय."

"कुणालाच नाही," मी म्हटलं. "घरात फक्त मी त्यांच्याजवळ जायचे. मलासुद्धा नाही दाखवली."

बाईंनी लिहिलं. मग बाबांचं पूर्ण नाव विचारलं. म्हणाल्या, एका खाचेचं कपलिंग त्यांनी आधी केलं होतं, हे नोंदीत येईल. मी नाव सांगितलं, त्यांनी बरोबर लिहिलंय का ते पाहिलं आणि उठले.

हे बाहेर व्हरांड्यात फेऱ्या घालत होते. मला पाहून थांबले. काय सांगितलंस, असं विचारलं नाही. माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. शेजारच्या बाकावर बसले आणि मीही बसले. कधी नव्हे ते दोघं स्वस्थ बसलो होतो.

"आता तुम्ही फाइलवर नाही," मी म्हटलं, "म्हणून विचारते. त्या वर्कशॉपवाल्या बाईंचं ते कपलिंग कसं आहे?"

यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

"नवीन आहे," हे म्हणाले.

यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो माझ्या बाबांसाठी नव्हता.