बैहर लाईनवर कोण आहे?

माझ्यासमोर कोणी भुताखेताचं नाव काढलं की मी चक्क हसायची. बालाघाटला इंटरनेटच्या केबल सांभाळणाऱ्या एका कंपनीत आहे मी. बिघाड कुठे, कशाचा, हे आता आमचा एआय सांगतो. त्यात कसली आली भुतं!

बैहरच्या जंगलात मोबाईलला रेंज नाही. म्हणून आमच्याकडे एक रीत पडलीय — केबल जिथे जोडलेली असते त्या सांध्यावर पोचलं की आतली काचेची तार, फायबर, तीनदा हलकेच मुडपायची. इकडे ऑफिसात स्क्रीनवर तेवढ्यापुरता फायबरमधला प्रकाश कमी दिसतो, कळतं की माणूस पोचला. दोनदा मुडपलं तर 'जोडीदार पाठवा'. एआयलाही आम्हीच हे शिकवलं, आता तर मुडपण्याच्या लकबीवरून हात कोणाचा तेही तो ओळखतो. रीत मूळची गणपतकाकांची, आमच्या सगळ्यात जुन्या लाईनमनची. माझा धाकटा भाऊ नितीन त्यांचा जोडीदार. मागच्या वर्षी नितीन सुट्टीवर होता, काका एकटेच गेले... आणि त्या सांध्यापाशीच साप चावून वारले.

गेल्या महिन्यात भर दुपारी त्याच सांध्याजवळ लाईन तुटली. नितीन निघाला. काही वेळाने स्क्रीनवर आलं — 'माणूस पोचला.' मी निवांत चहा घेतला. तेवढ्यात नितीनचाच फोन!

"ताई, गाडी पंचर झाली ना. मी अजून गावातच आहो."

"मंग सांध्यावर कोण हाय?"

"कोणीच नाही. काहून?"

 समोर नवी ओळ आली — 'जोडीदार पाठवा. हात: गणपत.' आणि मी मूर्खासारखी ती मोठ्याने वाचली.

 नितीन हळूच म्हणाला, "काका बोलावून राह्यले, ताई. त्या दिवशी मी नव्हतो ना... जातो मी."

"तंगडं तोडीन तुझं! सीधा घरी ये!" मी अक्षरशः रडत ओरडले. आला बिचारा.

साहेब म्हणाले, एआय चुकला. चुकला असेल... पण स्क्रीनवर दोनदा प्रकाश कमी झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी चौघं मिळून गेले, तर सांध्याच्या पेटीवरची वाळवीची माती जशीच्या तशी! कोणी हातच लावला नव्हता. याचा अर्थ मला आजही लागत नाही.

हातापाया पडून मी नितीनला ऑफिसात बसवून घेतलंय. पण 'जोडीदार पाठवा'चे ते दोन झटके अजून येतात. आधी त्याच सांध्यावरून यायचे, मग अलीकडच्या, आता त्याच्याही अलीकडच्या... बालाघाटच्या बाजूला.

काल स्क्रीनकडे बघत नितीनने विचारलं, "ताई, आपल्या ऑफिसातला सांधा कोणत्या भिंतीत आहे वं?"