चार शब्दांचं वर्णन

"हे कधी वापरायचं नाही, ते लिहिलंत का?"

समोर कागद ठेवला की बाई चष्मा कपाळावर सरकवत, कागद नाकाजवळ नेत आणि आधी हे विचारत. तुमच्याही ऑफिसात असं कोणी असेल, ज्यांच्याकडे कागद नेताना आपण तो जिन्यातच एकदा वाचून घेतो.

आमचं ऑफिस कर्वेनगरात, दोन खोल्यांचं. दवाखान्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. बाई एका इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात एकतीस वर्षं काढून, निवृत्तीनंतर आमच्याकडे नोंदी तपासायला आल्या. पुढे त्यांच्याकडे एक नवंच काम आलं. बिबवेवाडीतल्या एका डायलिसिस केंद्रासाठी आम्ही एआय सहायक बसवत होतो. रिसेप्शनवरून "यांचा फोन बदला" असं टाइप केलं की तो नोंदीत बदल करणार. त्यासाठी त्याला टूल दिलेली असतात: एक नोंद शोधायचं, एक फोन बदलायचं, एक अख्खी नोंद नव्यानं लिहायचं. कोणतं कधी उचलायचं, हे तो प्रत्येक टूलखालचं वर्णन वाचून ठरवतो. ती वर्णनं बाई तपासत.

आमची पंचविशीतली प्रोग्रॅमर एकदा त्यांना म्हणाली, "मॅडम, इतकं डिटेल नको. तो स्मार्ट आहे, समजून घेतो."

"स्मार्ट माणसंच न विचारता कामं करतात, बाळ," बाई म्हणाल्या आणि पुढची ओळ वाचू लागल्या.

अख्खी नोंद लिहिणाऱ्या टूलचं वर्णन मी केलं होतं. "रुग्णाची नोंद अद्ययावत करते." चार शब्द. मला ते नेटकं वाटलं होतं.

"अहो, चार शब्दांत तुम्ही घरी भाजी तरी सांगता का?" बाई म्हणाल्या. "यात जो रकाना पाठवला नाही, तो रिकामा होतो ना? मग तसं लिहा."

"लिहितो. सोमवारी सुरू करायचंय, ते होऊ दे."

त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक फुली मारली आणि तो परत दिला. मी तो खणात ठेवला.

सोमवारी सगळं सुरू झालं. बुधवारपर्यंत केंद्रानं नऊ रुग्णांचे फोन बदलायला सांगितले. फोन हा नोंदीचाच भाग, म्हणून सहायकानं माझं टूल उचललं. नऊ फोन बदलले आणि त्या नऊ जणांचे डायलिसिसचे वार आणि वेळा पुसल्या गेल्या.

गुरुवारी सकाळी खडकवासल्याकडून एक आजोबा सुनेबरोबर दोन बस बदलून केंद्रात आले. दारावरच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्यांचा बेड दुसऱ्याला दिलेला. ऑफिसात फोन आला तेव्हा मी नोंदींची जुनी प्रत शोधत बसलो. बाई पर्स उचलून रिक्षानं केंद्रात गेल्या. आजोबांना संध्याकाळच्या पाळीत बेड मिळाला. तोवर त्या शेजारी बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी मी बोलणी खायच्या तयारीनं गेलो. त्या एवढंच म्हणाल्या, "पाय फार सुजले होते त्यांचे." मग खुर्ची ओढली. "घ्या लिहायला."

अकरा ओळी झाल्या. हे टूल संपूर्ण नोंद बदलतं. न पाठवलेले रकाने रिकामे होतात. फक्त फोन किंवा पत्ता बदलायचा असेल तर हे वापरू नका, त्यासाठी दुसरं टूल आहे, त्याचं नाव हे. आधी नोंद वाचा. डायलिसिसची वेळ रिकामी होत असेल तर थांबा आणि माणसाला विचारा.

मला वाटलं, झालं. बाईंनी स्पीकरवर माझ्या घरी फोन लावला. "वहिनी, एक वाचून दाखवते. फक्त फोन नंबर बदलायचाय. हे वापराल का?" बायको आमटी ढवळत असावी. म्हणाली, "नाही हो. दुसरं वापरा असं सांगितलंय की त्यात."

"आता झालं," बाई म्हणाल्या.

त्यानंतर दोन वर्षं त्या होत्या. शेवटी चार दिवसांच्या आजारपणात गेल्या. त्यांच्या टेबलाशी आता प्रोग्रॅमर बसते. वर्णन लांबलं म्हणून ती हल्ली कुरकुरत नाही.

मागच्या महिन्यात कामासाठी केंद्रात गेलो. वार गुरुवार होता. व्हरांड्यात एक आजोबा काठी धरून बसले होते. मी कुठल्या ऑफिसातला हे कळल्यावर म्हणाले, "त्या बाई कुठं हायेत? माझं नाव यादीतनं गळालं, तवापासून दर गुरुवारी सकाळच्याला यायच्या. यादी बघायच्या, मला म्हणायच्या, आहे हो तुमचं नाव. आन् मग हापिसाला जायच्या."

आम्हाला हे कोणालाच माहीत नव्हतं. गुरुवारी त्या पाऊण तास उशिरा येत आणि मी मस्टरवर तसं लिहीत असे.

बाई गेल्या, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला.

"मला लांबचं दिसत नाही," मग म्हणाले.

मी उठलो, दाराशी गेलो. यादीत सतरा नावं होती. त्यांचं सहावं. वार, वेळ, बेड, सगळे रकाने भरलेले. मी पुन्हा एकदा वाचलं आणि त्यांना सांगायला मागे वळलो.