तलावाच्या पाळीवरची मावशी

माझ्या आईचं माहेर करडीचं. तिथल्या तलावावर एकदा सिनेमाचं शूटिंग झालं होतं, माझ्या जन्माच्या खूप आधी. मुंबईची मंडळी आली, त्यांनी गावातलाच एक डोंगा घेतला, त्यात नायक-नायिकेला बसवलं आणि वर तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, गावातल्या बायका ओळीनं उभ्या केल्या. डोंगा काठापासून सुटतो, नायिका गाणं म्हणते, बायका वरून पाहतात, एवढाच तो प्रसंग. त्या ओळीत अगदी शेवटी, डाव्या कडेला, माझी मोठी मावशी उभी आहे. नुकतं लग्न होऊन माहेरी आलेली. उन्हामुळे ती कपाळावर आडवा हात धरते, डोंग्याकडे पाहते आणि हसू दाबत मान खाली घालते. मग दृश्य बदलतं.

पुढे पहिल्याच बाळंतपणात ती गेली. मुलगा वाचला. तो नाकाडोंगरीला वडिलांकडच्या आजीच्या हाताखाली वाढला आणि मोठा होऊन तिथल्याच मॅंगनीजच्या खाणीत कामाला लागला. तो माझा दादा. मावशीचा एकही फोटो कोणी काढला नव्हता. आमच्याकडे ती उरली होती ती त्या सिनेमात, तेवढीच.

दादानं आपल्या आईला पहिल्यांदा पाहिलं ते करडीला शेजाऱ्यांच्या टीव्हीवर. माझी आई सांगते, रविवारची दुपार होती, घर माणसांनी भरलं होतं. तिनं त्याला पुढे ओढलं आणि म्हणाली, "ते पाह्य बाबू, कडेची. ते तुही माय." त्यानं पाहिलं न पाहिलं तोच डोंगा पुढे गेला होता. मग 'पुन्हा लाव' म्हणून त्यानं जो हट्ट धरला, तो काही केल्या थांबेना. टीव्हीवरचं पुन्हा लावता येत नाही, हे त्याला कोणी समजावूच शकलं नाही.

त्यानंतर तो सिनेमा कधी लागणार हे आमच्या घरात सणासारखं कळायचं. पेपरात नाव दिसलं की आई निरोप धाडायची आणि दादा एसटीनं लाखनीला आमच्याकडे यायचा. गाणं सुरू व्हायच्या आधी आई चुलीवरचं उतरवून ठेवायची. बाबा पंखा बंद करायचे, का ते मला अजून माहीत नाही. मावशी यायची, कपाळावर हात धरायची, मान खाली घालायची. उरलेला सिनेमाही दादा शेवटपर्यंत पाहायचा, मध्येच उठणं त्याला बरं वाटायचं नाही. नंतर बाबांनी तुमसरहून सिनेमाची सीडी आणली. आता 'पुन्हा लाव' जमत होतं. ते इतक्या वेळा केलं गेलं की सीडी नेमकी त्याच गाण्यापाशी अडखळायला लागली आणि एक दिवस चालेनाशी झाली.

तोवर सिनेमाचे दिवसही बदलले. निर्मात्याच्या वारसांनी त्यांचे सगळे जुने सिनेमे एका बड्या मनोरंजन कंपनीला विकले. आम्हाला ते कळलं ते उलट्या बाजूनं. वाहिन्यांवर सिनेमा लागेनासा झाला. इंटरनेटवर कोणीतरी टाकलेली एक फिकट प्रत होती, तीही एकदा उघडायला गेले तर काढून टाकलेली. हक्कांच्या कारणामुळे उपलब्ध नाही, असं काळ्या चौकोनात लिहिलं होतं. दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कोनाच्या हक्काचं वं बाई?" मी त्याला कंपनीनं सिनेमा कसा विकत घेतला ते समजावलं. तो म्हणाला, "बरं." मग पावसापाण्याचं विचारलं आणि फोन ठेवला.

अशी बरीच वर्षं गेली. बाबा गेले. आई माझ्याजवळच राहते. मी लाखनीच्या एका शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीच्या सुमारास मोबाइलवर जाहिरात दिसली. 'तुमचा लाडका सिनेमा, आता रंगीत, भव्य, नव्या रूपात.' खाली आमच्याच सिनेमाचं चित्र. मी धावत आईकडे गेले. तिनं चष्मा पुसून ते पाहिलं आणि विचारलं, "रंगीत म्हंजे ताईचं लुगडंही रंगीत दिसन का वं?"

दादा आणि वहिनी धान कापून झाल्यावर आले; त्यांची पोर कशावरून तरी रागावून घरीच राहिली होती. येताना पोह्यांची पिशवी आणि घरची सीताफळं. मी ॲपचे पैसे भरले होते, मोठ्या टीव्हीला जोडून ठेवलं होतं. आई नवं पातळ नेसून बसली होती.

सिनेमा सुरू झाला तेव्हा आम्ही सगळेच हरखलो. किती स्वच्छ! झाडाचं पानन् पान दिसत होतं. तलावाचं पाणी निळंशार, आमच्या तलावाचं असं कधीच नसतं, पण छान वाटत होतं. गाणं आलं. त्याला नवा ठेका जोडला होता, तेही चाललं. डोंगा सुटला. आणि पाळीवर बायकांची रांग दिसली, पण फक्त गळ्यापासून खाली. एकाही बाईला डोकं नव्हतं. कडेला निळ्या लुगड्यातली एक बाई उभी होती. तिच्या कोपराचा जरासा भाग वर गेला आणि खाली आला. बस.

मी मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"डोस्की कुठं गेली?" वहिनी म्हणाली.

आई उठून टीव्हीजवळ गेली. हातानं पडद्याची वरची कड चाचपून पाहिली, जणू तिकडे काहीतरी सरकवून ठेवलं असेल. "तिच्यापाशी निळं लुगडं कधीच नोयतं," ती म्हणाली. "हळदीच्या रंगाचं होतं. लगनातलं. याइले कोनी सांगितलं निळं?"

दादा आईला म्हणाला, "असू दे मावशी. साफ दिसून राहिलं ना. पाणी केवढं साफ दिसते."

तो आमची समजूत घालत होता. मला ते सहन झालं नाही. मी टीव्ही बंद केला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दादानं तो सिनेमा अर्धवट सोडला.

मी ॲपवर तक्रार लिहिली. लगेच उत्तर आलं, तुमचा अनुभव अधिक सुंदर करण्यासाठी आम्ही सतत प्रयत्न करतो. मी पुन्हा लिहिलं, तेच उत्तर पुन्हा आलं. तिसऱ्यांदा मी विचारलं की तिकडे कोणी माणूस आहे का. त्यावर मला माझ्या इंटरनेटचा वेग तपासायला सांगितलं गेलं. मग मी कंपनीच्या पत्त्यावर मराठीतून लांबलचक ईमेल पाठवला. त्यात राग कमी होता. मावशी कोण, दादा कोण, ती ओळीत कुठे उभी आहे, हात कसा धरते, हे सगळं मी लिहिलं. पाठवल्यावर वाटलं, कोण वाचणार आहे एवढं.

हिवाळा सरत आला तेव्हा शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन आला. एक बाई बोलत होत्या, माझ्याच वयाच्या असाव्यात. कंपनीच्या जुन्या सिनेमांच्या संग्रहात त्या काम करत होत्या. म्हणाल्या, "तुमचा मेल तीन विभाग फिरून माझ्याकडे आलाय. मी ते गाणं काढून पाहिलं. डाव्या कडेला, कपाळावर हात धरलेल्या, त्याच ना?"

मी फक्त 'हो' म्हटलं.

"छान हसतात हो," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. जुना सिनेमा चौकोनी असतो आणि आताचे टीव्ही रुंद. मूळ चित्र तसंच दाखवलं की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात, आणि प्रेक्षक तक्रार करतात की आमचा पडदा भरत नाही. म्हणून चित्र रुंद करून वरखालचं कापतात. हे काम बहुतेक यंत्रच करतं, ते नायक-नायिकेवर लक्ष ठेवतं. तुमच्या गाण्यात नायिका खाली डोंग्यात, म्हणून वरचं गेलं.

"आणि लुगड्याचा रंग?"

"तोही अंदाजानंच. काळ्या-पांढऱ्यात पिवळा आणि निळा कधीकधी सारखाच करडा दिसतो."

मी चिडून म्हटलं, "विकत घेतलंत म्हणजे काहीही करायचं का?"

त्या म्हणाल्या, "राग बरोबर आहे तुमचा. मीटिंगमध्ये मीही भांडते. पण एक सांगू? या सिनेमाची मूळ फिल्म एका गोदामात पडली होती. डबा उघडला तेव्हा व्हिनेगरसारखा वास आला. फिल्म सडायला लागली की तसा वास येतो. अजून काही पावसाळे गेले असते तर तुमची मावशी कुठेच राहिली नसती. ती वाचवायला पैसा याच कंपनीनं दिला. आणि कापलीही याच कंपनीनं. मी इथेच नोकरी करते, मला दोन्ही पाहावं लागतं."

घंटा झाली, पोरं वर्गात शिरत होती. ॲपवरचं रूप बदलणं आपल्या हातात नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण मूळ फिल्मवरून उतरवलेलं तेवढं गाणं घरच्यांना दाखवायची परवानगी त्या मागणार होत्या. कायद्याचं पाहणारी माणसं लवकर हो म्हणत नाहीत, म्हणून वाट पाहायला लागेल.

वाट पाहिली. उन्हाळा लागल्यावर परवानगी आली. एक लिंक, काही दिवसच उघडणारी, आणि घरात लावण्यापुरता एक फोटो छापायची मुभा. मी आईला घेऊन नाकाडोंगरीला गेले. दादाच्या घरी ओसरीवर खाटेवर लॅपटॉप ठेवला, उजेड येऊ नये म्हणून वहिनीनं दाराला चादर लावली.

रंग नव्हते. ठेका जुनाच होता. आणि बायकांची रांग पूर्ण, डोक्यावरच्या पदरासकट, त्यांच्यामागे झाडं आणि झाडांवर आभाळही. मावशीनं कपाळावर हात धरला. मी इतक्या वेळा पाहिलेली ती, पण तिच्या हनुवटीवरचं गोंदण मला तेव्हाच दिसलं.

"थांबव," दादा म्हणाला. मी थांबवलं. तो अगदी जवळ सरकला. "हे कोनाचा हात हाये?"

मावशीचा एक हात कपाळावर होता. दुसरा खाली होता आणि त्यात एक लहानसा हात घट्ट धरलेला होता. लहान मुलीचा, कोपरापर्यंतच दिसणारा. पुढे चित्र संपत होतं. हा भाग आम्ही कधीच पाहिला नव्हता. बाईंनी फोनवर सांगितलं होतं की पडद्यावर जाताना फिल्मची डावी कड नेहमीच झाकली जाते, तिथे आवाजाची पट्टी असते. ही प्रत कॅमेऱ्यातल्या मूळ फिल्मवरून उतरवलेली, तिच्यावर आवाजाची पट्टी नसते, म्हणून तिच्यात ती कडही उघडी होती.

आई चादरीआडून येणाऱ्या उन्हाकडे पाहत होती.

"माहा हाये," ती म्हणाली. "मी रडून राहिली होती. एवढी गर्दी कधी पाह्यली नोयती न. ते मुंबईवाले म्हनत पोट्टीले बाजूले करा. ताईनं हात सोडलाच नाई. म्हने, हे बी राहीन, नाईतं मी बी येत नाई."

"मंग मावशी, तू कधी बोलली नाई?" दादानं विचारलं.

"का बोलू? सिनेमात तं मी दिसतच नोयती. लोकं म्हनले असते, झूट बोलते."

दादानं तिचा हात उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला. खाणीत काम करून त्याच्या तळहाताच्या रेषा काळ्या पडल्या आहेत, कितीही धुतल्या तरी तशाच राहतात. आई त्या रेषांवरून अंगठा फिरवत बसली. लॅपटॉप आपोआप अंधारला, तरी कोणी त्याला हात लावला नाही.

फोटो आम्ही तुमसरला छापला. स्टुडिओवाल्या पोरानं चांगल्या मनानं विचारलं, "काकाजी, कड कापून टाकू का? अर्धाच हात येऊन राहिला, बरा नाई दिसत. रंगही भरून देतो." दादा म्हणाला, "नको बाबू. जसं हाये तसंच राहू दे."

ॲपवर तो सिनेमा अजून डोकी कापलेलाच आहे. कंपनी म्हणे आता त्याचा नव्या नटांना घेऊन दुसरा भाग काढणार आहे. संग्रहातल्या त्या बाईंशी अधूनमधून बोलणं होतं. काही सिनेमे मूळ रूपात ठेवायला त्यांनी वरच्यांना तयार केलंय, आमचा त्यात अजून नाही.

पण मला जास्त आठवतो तो नाकाडोंगरीहून परतीचा रस्ता. एवढी वर्षं आमच्या घरात मावशी म्हणजे कपाळावर हात आणि दाबलेलं हसू, त्यापलीकडे कोणी काही विचारत नव्हतं आणि आईही सांगत नव्हती. त्या दिवशी बसमध्ये ती बोलायला लागली ती थांबेचना. ताई भयंकर रागीट होती म्हणाली. धानाच्या रोवण्यात, म्हणजे लावणीच्या वेळी, तिची ओळ कधीच सरळ येत नसे आणि कोणी दाखवून दिलं की ती चिखलासकट रोपं फेकून मारायची. चोरून चिंचा खायची आणि नाव माझ्या आईचं सांगायची. घोगऱ्या आवाजात गाणी म्हणायची, सगळी चुकीच्या चालीत. पुढच्या सीटवरच्या बाया वळून ऐकायला लागल्या तरी आईला भान नव्हतं, तोंडावर पदर धरून ती हसत होती.

घरी पोचल्यावर मी दादाला फोन करून हे सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रागीट होती म्हनते?" आणि एकदम मोठ्यानं हसला. "मंग हे माह्या पोरीत तिच्याकडूनच आलं. दे वं, मावशीले फोन दे."