बैलाला सांगितलेलं नाव

बेचाळीस साली मी आठ वर्षांची होते. कवठे महांकाळच्या बाजारात बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकणारा एक नालबंद यायचा. दोर टाकून तो बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचा आणि तोंडात खिळे धरून कामाला लागायचा. बैल धप्पकन पडला, की आम्ही पोरं खिदळायचो.

एकदा सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. त्यानं तोंडातले खिळे काढून हातात घेतले.

"हसतीयास व्हय? हिकडं ये. बस त्येच्या डोक्यापाशी. डोळ्यावर हात ठेव."

मी भीत भीत हात ठेवला. तळव्याखाली पापण्या फडफडत होत्या. एवढा थोरला बैल, आणि माझ्याहून घाबरलेला!

"आता बोल त्येच्यासंगं."

"काय बोलू?"

"तुजं नाव सांग. अनोळखी मानसांत पडलाय गं त्यो."

शेवटची पत्री बसेपर्यंत मी बैलाच्या कानात माझं नाव सांगत राहिले. पापण्या हळूहळू निवल्या.

नालबंदाचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं. पुढं मी मिरजेला नर्स झाले. टेबलावर निजवलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवून मी जन्मभर आधी माझं नाव सांगत आले.