मेघबाहूची समाप्ती

राणीसावरगावात वर्तमानपत्र एक दिवस शिळं होऊन यायचं, आणि बन्सीधर गुरव ते ताजं असल्याच्या रुबाबात वाटायचा. सकाळी मारुतीची पूजा, दुपारी गंगाखेडच्या एस.टी.तून येणारा पेपरचा गठ्ठा आणि संध्याकाळी पारावर पोथी, असा त्याचा दिवस. गडी उंच, आवाज खणखणीत, आणि स्वभाव असा की गावात कुणी रुसलं तर याला जेवण जायचं नाही. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. त्याच्या या स्वभावाची मी पुष्कळ थट्टा केली आहे.

त्या गठ्ठ्यातून एकदा 'मेघबाहू' आला. रंगीत चित्रांचं पुस्तक, निळा मुखवटा घातलेला नायक, वादळ दंडात कोंडून ठेवणारा. ते पोरांनी घ्यावं अशी छापणाऱ्यांची अपेक्षा असणार. बन्सीधरने मात्र ते पोथीसारखं पाटावर मांडलं आणि पारावर वाचायला घेतलं.

आमच्याकडे पोथी एकट्याने वाचायची नसते. एकजण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो. मेघबाहूचा अर्थ सांगायला बसली कडूबाई. तिला अक्षर येत नव्हतं, पण नजर मोठी बारीक. बन्सीधर फुग्यातलं वाक्य वाचून पुस्तक तिच्याकडे फिरवायचा. ती चित्र निरखायची आणि सांगायची की ह्याच्या पायात वहाण नाही, म्हणजे घाईत निघालाय. किंवा हा राक्षस ओरडतोय खरा, पण त्याचे डोळे भ्यालेले आहेत. माणसं माना डोलवायची. मास्तर असून मला कुणी अर्थ विचारत नाही याचा मला थोडा रागही यायचा, पण मी एक दिवस चुकवत नव्हतो.

कडूबाईचा मुलगा उद्धव ट्रकवर क्लीनर होता. एका पहाटे आईला न सांगता उठून गेला, तो गेलाच. त्याचं काही कळलं नाही. हा विषय तिच्यापुढे कुणी काढत नसे.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून मराठवाडा पेटला. गावोगाव दलितांची घरं जळाली, गाड्या बंद पडल्या. माणसाला माणसाची लाज वाटावी असे ते दिवस होते; चित्रांच्या पुस्तकाची आठवण कुणाला येणार? कडूबाईला आली. शेवटच्या अंकात मेघबाहू बुडणाऱ्या माणसांना काढायला विहिरीत उतरला होता, ती माणसं वर आली होती, आणि तो पाण्याखाली असतानाच पान संपलं होतं. खाली छापलं होतं, 'पुढील अंकी'. गाड्या सुरू झाल्या, पेपर आले, पुढचा अंक आला नाही. छापणाऱ्यांनी पुस्तकच बंद केलं होतं. कडूबाई बरेच दिवस एस.टी.च्या वेळेला थांब्यावर येऊन उभी राहायची. नेमकी कुणाची वाट बघते, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. मग ती घरातच बसू लागली.

पंच्याऐंशीच्या सुमारास गठ्ठ्यातून 'मेघबाहू' पुन्हा निघाला. नाव तेच, अंक मात्र पहिला. मुखवटा तांबडा, आणि त्याच्या आड कॉलेजात जाणारा कुणी दुसराच पोरगा. बन्सीधरला कोण आनंद झाला. आता कडूबाई पारावर येईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने पाट धुतला, अंक मांडला, आणि चार पानं वाचून होईतो माणसं उठून गेली. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नावावरून घरोघरी वाद चालायचे. पारावर मात्र नाव तेच ठेवून माणूस बदलल्याचा वाद लागला.

"अप्पा, पयल्या पोथीची समाप्ती झाली न्हाई," पारावर रोज ऐकायला बसणारा सूर्यभान बन्सीधरला म्हणाला, "अन् तुमी दुसरी काहून मांडायलाव?"

त्याचं चुकत नव्हतं. लावलेली पोथी अर्ध्यात सोडून दुसरी लावायची नाही, असाच आमचा रिवाज. हे पोथी नव्हे, हे सांगायला मी पुढे झालो, तर सगळे माझ्याकडेच बघू लागले. कडूबाईने घरूनच निरोप धाडला की जुन्याचा पाट दुसऱ्याला देऊ नये.

बन्सीधर वाचत राहिला. ऐकायला त्याची बायको पंचफुला आणि मी. दुसऱ्या अंकात नवा मेघबाहू उडायला गेला आणि चिखलात तोंडावर पडला. पंचफुला एवढी हसली की ती हकिगत दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर पोचली, आणि संध्याकाळी दोन बाया आल्या. सूर्यभान सायकल धरून उभा राहायचा. बसा म्हटलं तर म्हणायचा, चाललोच; आणि शेवटचं पान होईतो हलायचा नाही. पुढच्या एका अंकात त्या पोराची आई त्याचा फाटलेला मुखवटा शिवताना त्याला दमात घेते. ते ऐकल्यावर सूर्यभानने सायकल भिंतीला टेकवली. हळूहळू पार भरला. पण अर्थ सांगायची जागा रिकामीच होती, आणि बन्सीधरला तेवढीच दिसायची.

शेवटी तो कडूबाईच्या घरी गेला. मला सोबत नेलं. आपण समाप्ती करू, म्हणाला; मेघबाहू विहिरीतून सुखरूप वर आला असं मी वाचून दाखवतो. कडूबाई जात्यापाशी डाळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"पोथीत न्हाई ते वाचायचं न्हाई, बन्सीधरा," ती म्हणाली. "आला म्हनू नको. गेला बी म्हनू नको. हाय तेवढंच वाच."

शनिवारी समाप्ती ठेवली. पंचफुलाने शिरा केला. जुना अंक पाटावर आला, आणि कितीतरी वर्षांनी कडूबाई आपल्या जागी येऊन बसली. बन्सीधरने शेवटचं पान वाचलं, 'पुढील अंकी'सुद्धा वाचलं, आणि पुस्तक तिच्याकडे फिरवलं. पाणी, काळोख, विहिरीच्या काठावर ओली माणसं.

"ही मानसं वर आली," कडूबाई म्हणाली. "एवढं खरं हाय. फुडचं कुनी छापलं न्हाई." तिने हात जोडले. सगळ्यांनी जोडले. मीही जोडले.

शिरा वाटून झाला. बन्सीधरने जुना अंक कपड्यात बांधून देवळात ठेवला आणि नव्याचा पहिला अंक पुन्हा पहिल्या पानापासून लावला. चित्रात पोरगा पाठीवर पिशवी घेऊन शहराकडे निघालाय, उंबऱ्यात आई उभी आहे. कडूबाईने पुस्तक जवळ ओढलं. ती चित्र निरखत राहिली. सूर्यभानने खाकरून पाहिलं. बन्सीधर तिच्याकडे बघत वाकून बसला होता.

मग तिने त्या पोराच्या तोंडावर बोट ठेवलं. त्याची मान आईकडे वळलेली होती.

"हा सांगून जायलाय," कडूबाई म्हणाली. "वाच फुडं."