तिसरा गिअर

अमडापूर फाट्यावरचा तो मिस्त्री कुणाच्याही सांगण्यावरून इंजिन खोलत नाही. काय बिघडलंय ते तुम्ही सांगू लागलात की तो हात पुसतो आणि म्हणतो, "तुमी चालवा सर, मी मांगं बसतो. बोलू नका फक्त."

माझ्या मोटरसायकलचा तिसरा गिअर चढावर आपोआप सुटायचा. शाळेत जाताना मागे ट्रक असला की धडकी भरायची. मिस्त्री मागे बसला आणि चढभर मान वाकवून खाली बघत राहिला. गिअर दोनदा सुटला. उतरल्यावर म्हणाला, "पाय गिअरवरच ठेवता तुमी. काऊन ठेवता?"

मी ठेवत नाही, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं. तो वाद घालत नाही. तंबाखू मळत त्यानं गाडी ठेवून जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा गिअरबॉक्स खोलून फडक्यावर मांडलेला होता. शाफ्टवरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून तो म्हणाला, "इथं वॉशर पाह्यजे. मागच्या खेपेले मीच खोललं होतं, मीच बसवाचा विसरलो. तुमच्या पायाले उगंच दोष देल्ला."

दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती. त्यानं आवाज खाली आणला नाही. न सांगता वॉशर बसवला असता, तर मला कधीच कळलं नसतं.

संध्याकाळी गाडी घेऊन निघालो. त्याच चढावर तिसरा गिअर घट्ट बसून होता. सहज खाली पाहिलं, तर माझा डावा पाय गिअरवरच होता.