टेक म्हणजे घे

गोदामात तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. दाभणवाली म्हटलं की पुरे. धान्याचं पोतं भरून पुढ्यात आलं की ती दाभणात सुतळी ओवायची आणि पोत्याचं तोंड असं शिवायची, की वाटेत ट्रक खड्ड्यात आदळो नाहीतर पोतं हमालाच्या पाठीवरून निसटो, दाणा सांडायचा नाही. लग्न होऊन आली त्याच वर्षी ती त्या गोदामात बसली, खिडकीखाली, पाय लांब करून, आणि बसल्या जागी तिचे केस पांढरे झाले. तिथल्या फरशीला थोडा खळगा पडला होता. हमाल म्हणायचे, पोती आपटून पडला. ती म्हणायची, "माझ्या बुडानं पडलाय तो. मला ठाऊक नाही होय?"

मग धान्य यायचं थांबलं. हमाल पांगले, उंदीरही गेले. नव्या मालकांनी छप्पर तसंच ठेवलं आणि खिडकी तेवढी सोडून आतल्या भिंतींना खालपासून वरपर्यंत फळ्या मारल्या. फळ्यांवर रंगीत गोटे ठोकले, कुठे मुठीएवढे, कुठे कानाच्या पाळीएवढे. छताच्या कडीतून दोर सोडले. बाहेर इंग्रजी पाटी लावली. दाभणवालीला झाडलोटीला ठेवून घेतलं, कारण त्या इमारतीचं कुठलं दार कुठे अडतं हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी तिनं हातात झाडू धरून जे पाहिलं, ते ती पुढे कितीतरी दिवस सांगत राहिली. काडीसारखी एक मुलगी कमरेला पट्टा आवळून भिंतीपाशी आली. वर काही नव्हतं. फळ नव्हतं, घरटं नव्हतं, अडकलेला पतंगसुद्धा नव्हता. तरी ती चढू लागली. बोटांच्या टोकांवर अंग तोलत, पालीसारखी भिंतीला चिकटत ती छतापर्यंत गेली, छताला नुसती थाप मारली आणि रिकाम्या हातांनी खाली आली. खाली आली ती हसत.

तिथं शिकवणारा पोरगा उंच आणि अंगानं नुसता काटकुळा होता, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणत. दाभणवालीनं त्याला गाठलं.

"काय रे, वर काय होतं?"

"काही नाही, काकी."

"मग गेली कशाला?"

"तेच तर!" शिडी म्हणाला आणि शीळ घालत निघून गेला.

पोतं वर जातं ते थप्पी लागावी म्हणून. माणूस उगाच वर जातो, हे तिच्या हिशेबात कुठे बसेना. पण त्याहून तिची नजर खिळली ती खाली उभ्या असलेल्या माणसावर. तो मान वर करून, दोर हातात धरून उभा होता. वरची मुलगी पाऊल उचलायची आणि हा दोराची ढील काढून घ्यायचा. एकदा तिचा पाय निसटला. तिच्याखाली नुसती हवा होती. आणि ती पडली नाही! हा खाली उभा होता, एवढ्याच कारणानं पडली नाही. त्या दिवशी झाडायचा अर्धा हॉल तसाच राहिला.

महिना-दोन महिने ती असं बघत राहिली. मग एक दिवस मालकांनी सांगितलं की झाडलोट आता कंत्राटदाराकडे जाणार आणि त्याची माणसं त्याच्याबरोबर येणार. तिला वाईट वाटू नये म्हणून ते फार गोड बोलले. ती तडक शिडीपुढे जाऊन उभी राहिली.

"दोर धरायला माणूस पाहिजे म्हणालास ना परवा?"

"हो, पण काकी..."

"मला शिकव."

शिडीनं तिच्याकडे खालून वर पाहिलं. मग तिचे हात हातात घेऊन उलटे केले. उजव्या तळव्यावर दाभणाचा घट्टा होता, दगडासारखा. "हात तर आहेत," तो म्हणाला. "पण परीक्षा द्यावी लागते. परीक्षा घ्यायला बाहेरून बाई येतात. आणि शब्द सगळे इंग्रजी. वर जाणारा कुठल्याही मुलखातला असतो. तो वरून ओरडला की खालच्याला कळलंच पाहिजे. तिथं अर्थ विचारत बसायला वेळ नसतो."

म्हणजे गोष्ट साधी होती. परीक्षा पास झाली तर ती त्या छपराखाली राहणार. नाही झाली तर किल्ल्यांचा जुडगा देऊन घरी.

घरी सून होती. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. भाजी निवडता निवडता तिनं सासूची शिकवणी धरली.

"चेंज म्हणजे काय, आई?"

"सुट्टे पैसे."

"ते दुकानात. इथं बदल. गोदामाचं काय झालं?"

"वाटोळं झालं."

"बदल झाला म्हणा, आई! आता चॅलेंज. चॅलेंज म्हणजे आव्हान."

"हां, आवाहन. ते गाडीवर भोंगा लावून करतात ते. पाणी जपून वापरा, असं."

सून हसून हसून शेंगांवर कलली. "अहो, ते आवाहन! आवाहन म्हणजे 'या हो'. आणि आव्हान म्हणजे 'ये तर खरा!'"

दाभणवाली हातातली शेंग तशीच धरून बसली. तिला ती भिंत आठवली. ती भिंत दोन्ही म्हणत होती. या हो, असंही आणि ये तर खरा, असंही. एवढी मोठी गोष्ट एका शब्दात मावते आणि तो शब्द लोक बसमध्ये, बाजारात सहज तोंडातून टाकतात, याचं तिला फार नवल वाटलं.

तिचा नवरा जन्मभर ट्रक चालवून पाठीनं बसलेला माणूस. तो खाटेवर पडून सगळं ऐकत होता. "अॅडव्हेंचर म्हणजे काय गं सूनबाई?"

"साहस, बाबा. अॅडव्हेंचर स्पोर्ट म्हणजे साहसाचा खेळ. जिवाला धोका असतो, पण मजेनं करायचा."

"असं होय! मी उभा जन्म ब्रेक नसलेली गाडी घेऊन घाट उतरलो, तेव्हा कुणी खेळ म्हणालं नाही. मालक शिव्याच द्यायचा."

"तुम्हाला मजा येत नव्हती म्हणून," दाभणवाली म्हणाली.

"कुणी सांगितलं तुला?" म्हातारा म्हणाला आणि मिशीत हसला.

असे शब्द येत गेले. ग्रिप म्हणजे पकड. फॉल म्हणजे पडणं. स्लॅक म्हणजे ढील, दोर सोड. बिले म्हणजे खालून दोर सांभाळणं, हा शब्द ऐकून म्हातारा म्हणाला, "बिलं? भरणार कोण?" आणि टेक. सुनेनं सांगितलं, "सोपा आहे. टेक म्हणजे घे." दाभणवालीनं भांडी घासताना, पाणी भरताना घोकलं. टेक म्हणजे घे. टेक म्हणजे घे.

घात झाला तो इथं.

सरावाच्या दिवशी शिडी स्वतः वर गेला. तिच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर पकडणारा लोखंडी चाप, आणि ती वजनानं हलकी म्हणून पट्ट्याला बांधलेलं वाळूचं पोतं पायाशी. ढील काढत तिनं त्याला बरोबर वर नेलं. छताशी पोचल्यावर शिडी दमला आणि ओरडला, "टेक!"

आता बघा, जन्मभर गोदामात तिनं हा शब्द आपल्या भाषेत ऐकला होता. घे, असं कोण म्हणतं? ज्याच्या हातात काही असतं तो. हमाल वरून पोतं सोडताना म्हणायचा, घे! आणि खालच्यानं दोन्ही हात पसरायचे. शिडी वरून घे म्हणाला. दाभणवालीनं दोर सोडला आणि दोन्ही हात वर केले.

शिडी हात सोडून दोरावर रेलला होता. तो सरसर खाली आला. माणूसभर उंची त्यानं गमावली, तेव्हा चापानं दोर करकचून धरला आणि तो हवेत गरगरत थांबला. ती हात वर करून उभी होती, जणू आकाशातून कुणी तान्हं मूल टाकणार होतं.

खाली आल्यावर शिडीचा चेहरा खडूसारखा झाला होता. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"काकी, हात का सोडलात?"

"तू घे म्हणालास." ती म्हणाली. "मला वाटलं, काहीतरी देतोयस."

शिडी जमिनीवर बसला. घटाघटा पाणी प्यायला. मग म्हणाला, "देतच होतो, काकी. दोर घ्या, आखडून धरा, आता मी हात सोडतोय. माझं सगळं वजन तुम्हाला देतोय. टेक म्हणजे तेवढंच."

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. सकाळी म्हाताऱ्याला उठवायला ती खाटेशी गेली. पाठीमुळे त्याला एकट्याला उठवत नसे. रोजच्यासारखा तो तिच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "थांब, जरा टेकू दे."

तिला एकदम लख्ख उजाडल्यासारखं झालं.

"काय म्हणालात?"

"टेकू दे म्हटलं. रोजच म्हणतो."

ती तशीच वाकून उभी राहिली, म्हाताऱ्याचं अर्धं अंग खांद्यावर घेऊन. तो टेकत होता आणि ती घेत होती. त्यांचा शब्द आणि आपला शब्द! कुठल्या कुठे असलेल्या दोन भाषा, एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या, आणि माणूस दमून कुणावर तरी भार टाकतो त्या क्षणी दोघींच्या तोंडून एकच आवाज निघावा? सून म्हणाली, "योगायोग आहे, आई." असेल. दाभणवालीला मात्र तो शब्द पुन्हा घोकावा लागला नाही. त्यानंतर शिडी वरून टेक म्हणाला की तिचे हात आधी दोर आवळायचे आणि कान मागून ऐकायचे.

परीक्षेच्या दिवशी आलेल्या बाई साध्या निघाल्या. केस बारीक कापलेले, बोटांना पकड घसरू नये म्हणून लावलेली खडूची पूड. त्यांनी बाकावर बसूनच सुरुवात केली.

"चेंज?"

"बदल."

"चॅलेंज?"

"ये तर खरा!"

बाईंनी मान वर केली. "काय?"

दाभणवाली गडबडली. "आवाहन... नाही, आव्हान. तेच हो, पण खरा अर्थ मी सांगितला तो."

बाई हसल्या आणि उठल्या. मग त्या स्वतः भिंतीवर चढल्या. मधेच स्लॅक म्हणाल्या, मधेच न सांगता पडल्या, वर जाऊन टेक म्हणाल्या. दर वेळी दोर सुटायचा तिथं सुटला, थांबायचा तिथं थांबला. कोपऱ्यात शिडी नखं खात होता, तो खायचा थांबला.

खाली उतरून बाईंनी आपल्या कमरेचा दोर सोडला आणि त्याचं टोक दाभणवालीपुढे धरलं.

"आता तुम्ही."

"मी काय?"

"दोर धरणाऱ्यानं एकदा तरी दोराला लटकलं पाहिजे. अर्ध्यापर्यंत जा. टेक म्हणा आणि दोन्ही हात सोडा. मी धरते."

दाभणवालीनं शिडीकडे पाहिलं. शिडी छताकडे बघू लागला.

"तू सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर आला असतात का, काकी?"

आजवर ती स्टुलाहून उंच कशावर चढली नव्हती. पण पास व्हायचं होतं. सुनेची जुनी विजार वर खोचून तिनं पहिल्या गोट्याला हात घातला. घट्ट्याचा तळवा गोट्यावर बसला आणि तिला वाटलं, हा हात यासाठीच टणक होत आला होता की काय. पायाला गोटा सापडला. मग दुसरा. गुडघे वाजत होते, घाम डोळ्यांत उतरत होता. खालून शिडी रंग सांगत होता, "डावीकडे पिवळा, काकी, पिवळा!" असं करत ती मध्यावर आली. तिथं तिचे पाय लटपटू लागले, शिवणयंत्राच्या सुईसारखे वरखाली.

आता शब्द म्हणायचा होता. तो ओठांवर येईना.

लोक तिच्यावर टेकले होते. म्हातारा, त्याआधी सासू, त्याआधी तापानं फणफणलेला मुलगा. तिनं सगळ्यांचा भार घेतला होता आणि हात सोडायचे कसे हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बोटं गोट्यावरून सुटायला तयार नव्हती. खाली उभी होती ती एक अनोळखी बाई, जिचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं.

"ताई," बाई खालून सावकाश म्हणाल्या, "मी आहे."

"टेक!"

तो आवाज आपला आहे हे तिला छतावरून परत ऐकू आला तेव्हा कळलं. तिनं एक हात सोडला. मग दुसरा. दोर ताणला गेला, पट्टा मांड्यांत रुतला आणि ती थांबली. हवेत. पायाखाली काही नव्हतं, हातात काही नव्हतं, आणि ती होती.

तिनं भीत भीत डोळे उघडले. समोर खिडकी होती. आजवर ती खिडकी तिच्या डोक्यावर होती. एवढ्या वर्षांत तिनं तिच्यातून फक्त आभाळाचा तुकडा पाहिला होता. आता काचेपलीकडे गाव दिसत होतं, पत्र्यांची छपरं, वाळत घातलेले कपडे, वळण घेत गेलेला रस्ता आणि त्यावरून मुंगीसारखा जाणारा ट्रक. पोती त्याच रस्त्यानं गेली होती सगळी. तो एवढा लांब जातो हे तिला कधी दिसलंच नव्हतं. वारा कुठूनसा आला आणि ती दोरावर हळूच अर्धी फिरली, आपोआप, काही न करता. तिला हसू आलं. त्या काडीसारख्या मुलीला का हसू आलं होतं, हे आता कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं, पण कळलं होतं.

"पास!" खालून बाई म्हणाल्या. "झालं, ताई. उतरवू का?"

शिडीनं टाळी वाजवली. दाभणवालीनं खिडकीवरून नजर काढली नाही.

"थांबा की जरा," ती म्हणाली.

खाली बाईंनी पाय थोडे फाकवून घेतले, दोर नीट आवळला आणि त्या उभ्या राहिल्या.